चोवीस वर्षांचा पाहुणा

इतर बायका पंचमीला माहेरी जातात, गौरीला जातात, दिवाळीला तर हक्कानं जातात. मी म्हाळाला जाते. भाद्रपदाच्या काळ्या पंधरवड्यात, जेव्हा कुणी नवं कापडसुद्धा घरात आणत नाही, तेव्हा मी पिशवी घेऊन इस्लामपूरच्या स्टँडवर उभी असते. ओळखीची एखादी बाई विचारते, "कुठं निघालात मॅडम?" मी म्हणते, "माहेरी." ती मनातल्या मनात सणवार तपासते, काही जुळत नाही, मग नुसतंच "बरं बरं" म्हणते. माझा नवरा चेष्टेखोर आहे. तो म्हणतो, "लोकांच्या बायकांना भाऊ न्यायला येतो, तुला पितर न्यायला येतात." लग्नानंतर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते, कारण त्या पितरांतला एक माझा भाऊच होता. आता मीच हे वाक्य शाळेतल्या बायकांना सांगते आणि हसते. इतकी वर्षं झाली.

यंदाही गेले. चाचणी परीक्षेचे पेपर तपासायचे राहिले होते, ते पिशवीत कोंबले. वाटेत कारखान्याच्या आवारात नुसती ठोकाठोक चालली होती. गाळपाला अजून अवकाश होता, चिमणी गप्प होती. कऱ्हाडला पुलाच्या कामापायी गाडी अर्धा तास अडकली आणि कंडक्टरनं सगळ्या ठेकेदारांचा उद्धार केला. उंब्रजला उतरून वडापच्या जीपमध्ये बसले, जीप हमरस्ता सोडून आत वळली आणि तो वास आला. उपटलेल्या भुईमुगाचा. ओली माती, हिरवा पाला आणि कच्च्या शेंगेतलं दूध यांचा मिळून जो वास होतो, तो दुसऱ्या कशालाच नाही. हल्ली आमच्याकडं शेंगा कमी झाल्या. निम्मी रानं सोयाबीननं घेतली, उरलेली उसानं. तरी कुणी ना कुणी घरच्या तेलापुरत्या चार सऱ्या शेंगा करतंच, आणि तेवढ्यांचा वास अख्ख्या गावाला पुरतो. दोन दांडग्या माणसांच्या मध्ये चेंगरून बसले होते, तरी मी छाती भरून श्वास घेतला. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडं जरा संशयानं बघितलं.

भादव्याचं कुणी कौतुक करत नाही. श्रावणाची गाणी होतात, आश्विनाला नवरात्र मिळतं, आणि गणपती पाण्यात गेले की मधला हा पंधरवडा सगळे जण अंग चोरून काढतात. मला मात्र तो आवडतो. सकाळी बांधावरच्या गवतानं पाय भिजतात, दुपारी ऊन असं चटकावतं की उन्हाळा परवडला, आणि चारच्या सुमाराला डोंगराच्या अंगानं ढग चढायला लागतात. मग शेंगा काढणाऱ्या बायका एकमेकींवर ओरडतात, ताडपत्री शोधतात, पोती ओढतात. ढग बहुतेक वेळा नुसतेच गुरगुरून निघून जातात. बांधावर तेरडा फुललेला असतो, त्याकडं बघायला कुणाला सवड नसते.

संभा माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. घरात आम्ही दोघंच. शेंगांच्या दिवसांत आम्हाला शाळा सुटली की थेट रानात जायचं असे. आई आणि चार बायका वेल उपटून ढीग घालायच्या, आम्ही सावलीत बसून शेंगा तोडायच्या. मी इमानदारीनं तोडायची. संभा दोन पाटीत टाकायचा, एक तोंडात. कोवळी दुधाळ शेंग त्याला बघूनच कळायची, ती तो पाटीत पडूच द्यायचा नाही. आई म्हणायची, "आरं, बियाला तरी ठिव!" तो गाल फुगवून म्हणायचा, "मी बी हाय की बियाचाच." संध्याकाळी त्याच्या पोटात दुखायचं आणि ओवा शोधायला मला पळावं लागायचं. हा नेम एका वर्षीही चुकला नाही.

पुढं तो भरतीच्या मागं लागला. आमच्या गावात त्यात विशेष काही नव्हतं. दर दोन घरांआड एक फौजी, काही घरांत तीन पिढ्यांचे. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पंधरा-वीस पोरं पळायची, आणि पोरं पळायला लागली म्हणजे साडेचार वाजले, असं म्हातारी माणसं घड्याळ न बघता सांगायची. संभा पळण्यात पक्का होता, वजनात कच्चा. भरतीच्या दिवशी सकाळी त्यानं डझनभर केळी खाल्ली आणि वर तांब्याभर पाणी प्यायला. काट्यावर वजन बसलं. बाहेर येऊन त्यातलं निम्मं त्यानं भिंतीकडेला ओकून टाकलं, आणि घरी येऊन सगळ्यांना ते मोठ्या अभिमानानं सांगितलं.

पहिल्या सुट्टीला आला तो भादव्यातच. अंगानं भरलेला, रापलेला, आणि बोलण्यात हिंदी घुसलेली. आईला म्हणाला, "खाना तयार हाय का?" आईनं लाटणं उगारलं. सकाळी उठून स्वतःच्या अंथरुणाची घडी अशी घालायचा, की आई शेजारणींना बोलावून दाखवायची. दुपारी शेंगा उपटायला आला, आणि घटकाभरात बांधावर घोरायला लागला. त्याला उठवायला गेले तर आईनं मला हातानं थांबवलं. म्हणाली, "निजू दे. तिकडं कुठली झोप मिळतीया त्येला." ऊन सरकत गेलं तसा आईनं आपला पदर दोन काठ्यांना अडकवून त्याच्या तोंडावर सावली धरली. मला त्या वेळी तिचा राग आला होता. एवढं ऊन मलाही लागत होतं.

तो गेला तो महिना वेगळा होता, आणि त्याबद्दल मला इथं लिहायचं नाही. ती गाडी, ती गर्दी, त्या घोषणा, नदीकाठच्या त्या बंदुकीच्या फैरी. अशा दिवसांचं वर्णन सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेलं असतं, आणि आमचा दिवस त्याहून काही वेगळा नव्हता. चोवीस पुरी होऊन तीन आठवडे झाले होते त्याला. एवढंच सांगते, की त्या दिवशी आई रडली नाही. बरोबर आलेल्या साहेबांना तिनं एकच विचारलं, "जेवलाता का त्यो?" साहेब चांगला माणूस होता, पण त्याला मराठी येत नव्हतं. कुणीतरी त्याला प्रश्न समजावून सांगितला. मग त्यानं मान खाली घातली, कारण त्याला ते माहीत नव्हतं.

उत्तर बिरूनं आणलं. बिरू म्हणजे संभाच्या शेजारच्या खाटेवरचा. आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला. दोघं एकाच भरतीत लागले, एकाच कंपनीत गेले. संभानं पत्रात लिहिलं होतं, की ह्याचा बाप उन्हाळ्यात मेंढरं घेऊन आपल्याच खोऱ्यात उतरतो, कदाचित आपल्या रानातही बसवली असतील. तेवढ्यावरून दोघांचं गोत्र जुळलं होतं. वर्षानं बिरू सुट्टीवर आला तो स्वतःच्या गावी जायच्या आधी आमच्याकडं. सोप्यात उभा राहिला आणि आईनं पाणी द्यायच्या आधी तोच प्रश्न विचारला. बिरू म्हणाला, "जेवलाता, आई. चार पुऱ्या आन् बटाट्याची भाजी. माज्यातलीबी एक घेटली त्येनं." त्या दिवशी आई रडली. नंतर कधीतरी मी बिरूला बाजूला घेऊन विचारलं, खरं सांगितलंस का? तो जमिनीकडं बघत म्हणाला, "अक्का, पुऱ्या हुत्या त्या दिवशी. येवढं खरं हाय." मी पुढं विचारलं नाही.

हत्यारानं गेलेल्यांचा म्हाळ भाद्रपद वद्य चतुर्दशीला घालतात, मग तिथी कुठलीही असो. सर्वपित्रीच्या आदला दिवस. दुसऱ्या गावांत त्या दिवशी एखाद्या घरी चूल पेटत असेल. आमच्या गावात सात-आठ घरी वडे तळले जातात, एका आळीतून दुसऱ्या आळीत चालत गेलं तर तेलाचा वास तुटत नाही. गावानं त्या दिवसाला आपलं नाव दिलंय, फौजींचा म्हाळ. गेलेल्याच्या नावानं एका माणसाला जेवायला बोलवायचं, पाटावर बसवायचं, त्याचं पोट भरलं की गेलेल्याचं भरलं. गेलेला फौजी, म्हणून पाहुणाही फौजी. त्यामुळं त्या दिवशी सुट्टीवर आलेल्या जवानाची जी ओढाताण होते ती विचारू नका. एकेका पोराला तीन-तीन घरी बसावं लागतं. प्रत्येक घरची आई पुढ्यात बसून आग्रह करते आणि नाही म्हणायची सोय नसते. सरहद्दीवर न डगमगलेले गडी चौथ्या वाटी खिरीला हात जोडताना मी बघितलेत.

बाकीच्या घरी पाहुण्याला वयाची अट नाही. पेन्शनीत आलेला सुभेदारही चालतो. अट आमच्या आईची. पिंडाचं, पाण्याचं सगळं चुलतभाऊ करतो, त्यात ती लक्ष घालत नाही. तिचा सगळा जीव पाटावर. पाटावर बसणारा फौजी हवा आणि चोवीस वर्षांचा हवा. पहिल्या म्हाळाला बिरूच बसला. तो संभाहून दहा महिन्यांनी लहान, तेव्हा चोवीसचा होता. दुसऱ्या वर्षी बिचारा मुद्दाम सुट्टी काढून आला, तर पाटावर गावातला दुसराच पोरगा. आईनं बिरूला सोप्यात बसवलं, चहा दिला, पाहुणा उठल्यावर प्रेमानं वाढलं. पण पाटावर नाही. का, तर त्याला पंचवीस पुरी होऊन वर गेली होती. मी आईशी भांडले. बिरू हसत होता. मला म्हणाला, "जाऊ द्या अक्का. आईनं मला लवकर पेन्शनीत काडलं."

तेव्हापासून हेच. फाल्गुनापासून आईची चौकशी सुरू व्हायची. कुणाचा पोरगा कितीचा, कुणाला भादव्यात सुट्टी मिळते. आया तिला जन्मसाल सांगायच्या आणि ती बोटांवर हिशेब करायची. एका पोराचं वय बरोबर होतं पण डोकं पार उघडं पडलं होतं. आई म्हणाली, नको, हा थोराड दिसतो. त्याची आई आमच्याशी वर्षभर बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. एका वर्षीच्या पाहुण्याची पळण्याची परीक्षा तोंडावर आली होती, तर त्यानं तळलेलं खायला नकार दिला आणि वडे बाजूला सारून नुसती काकडी खाल्ली. आई दोन दिवस उदास. एकानं जेवता जेवता होणाऱ्या बायकोला फोनमध्ये ताट दाखवलं. एक पोरगा मात्र पहिला घासच गिळू शकला नाही. त्या ताटावर आपण कुणाच्या जागी बसलोय हे त्याला अचानक उमगलं असावं. आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "खा रं गड्या. तुज्या आयुष्याला काय हुत न्हाई."

मी दरवर्षी वाढायला असते, त्यामुळं एक गोष्ट मला दिसत गेली. सुरुवातीचे पाहुणे आईला काकी म्हणायचे. "काकी, बास." नंतरचे मावशी म्हणायला लागले. आणि गेली सात-आठ वर्षं पाटावरचा पोरगा म्हणतो, "आज्जी, बास की आता." आजच्या पाहुण्यांपैकी कुणी संभाला बघितलेलं नाही. ही पोरं जन्मली तेव्हा तो नव्हताच. पाटावर बसणाऱ्याच्या ओठांवर दरवर्षी तीच कोवळी मिशी, आणि वाढणारी आई दरवर्षी थोडी वाकलेली. सेहेचाळीसची होती तेव्हा, आता त्र्याहत्तरची आहे. मधल्या काळात वडील गेले, गोठा रिकामा झाला, मी केस रंगवायला लागले. घरात न बदललेला तेवढा एक पाट होता. आणि सोप्यात, डाळिंबांची पिशवी शेजारी ठेवून, आपल्या पाळीची वाट बघत बसलेला बिरू. संभाला ओळखणारा एकमेव माणूस दरवर्षी दुसऱ्या पंक्तीला. मला ते आवडत नव्हतं, आणि मी ते दरवर्षी आईला सांगायची. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

यंदाचा पाहुणा ओंकार. वरच्या आळीतल्या सुरेखावहिनींचा. चोवीस, गोरापान, पहिल्यांदाच पाटावर बसणार होता. तेरसेला मी पोचले तेव्हा आई उडदाची डाळ निवडत होती आणि तोंडानं त्याचंच कौतुक. दिवेलागणीला सुरेखावहिनी आल्या. उंबऱ्यातच थांबल्या.

"आत्ती, पोराचा फोन आल्ता. सुट्टी रद्द झाली. सगळ्यांचीच झालीया म्हणं. तिकडं काय तरी चाललंय. आन् आता त्येचा फोनच लागंना."

आईनं त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, धीर दिला. "काय हुत न्हाई. गाडीत बसला असंल तर लगीच फोन लागत न्हाई. तू जेव आन् नीज." वहिनी गेल्यावर आई पुन्हा डाळ निवडायला बसली. सकाळी तिनं मला गावात पाठवलं. मी चार घरं फिरले. कुणाचाच पोरगा आला नव्हता. बाकीच्या घरांनी आपापले म्हातारे फौजी धरून ठेवले होते. आमच्याकडं कुणी नव्हतं, कारण आमच्या अटीत बसणारं कुणी शिल्लकच नव्हतं.

आईनं तरीही सगळा स्वयंपाक केला. गवार, भोपळा, कढी, वडे, गव्हाची खीर. दहाच्या सुमाराला बिरू आला. डाळिंबं ठेवली, पाया पडला, नेहमीसारखा सोप्यात खांबाला टेकून बसला. चुलतभावानं आपलं काम उरकलं, नैवेद्य ठेवला आणि गेला. बारा वाजले. आईनं पाट मांडला, त्याच्यापुढं ताट वाढलं, आणि समोर बसून राहिली. भातावरची वाफ हळूहळू विरली.

मग ती शांतपणे म्हणाली, "ह्ये आता बंद करू या."

"काय?"

"म्हाळ. पाट रिकामा ऱ्हायला. त्यो येऊन उपाशीच गेला. पुढच्या सालापास्नं न्हाई घालायचा."

मला भीती वाटली. खरंच वाटली. आई एकटी राहते. शेत वाट्यानं दिलंय, माझ्याकडं यायला ती तयार नाही. वर्षभर ती कशावर चालते हे मला ठाऊक आहे. फाल्गुनापासून भादव्यापर्यंत पाहुणा शोधते आणि भादव्यापासून फाल्गुनापर्यंत तो कसा जेवला ते आठवते. ते बंद झालं तर ती सकाळी कशासाठी उठणार? माझा आवाज चढला.

"बिरू बसलाय की सोप्यात. त्याला बसव."

"त्यो कसा बसंल? केस बघ त्येचं. पिकलं समदं."

"मग संभाचे पिकले नसते?"

बोलले आणि जीभ चावली. सत्तावीस वर्षांत हे वाक्य मी तिला ऐकवलं नव्हतं. खरं तर स्वतःलाही नाही. माझ्याही मनात संभा तसाच होता, बांधावर घोरणारा. मी केस रंगवते, आणि त्याच्या केसांचा कधी विचारही केला नव्हता. आई भिंतीचा आधार घेत उठली आणि सोप्यात गेली. मी दाराआड उभी राहिले.

बिरू कालचं वर्तमानपत्र डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचत होता. आई त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याच्याकडं बघत राहिली. तो गडबडला, कागद खाली ठेवला.

"काय झालं, आई?"

"किती वय झालं रं तुजं?"

"पन्नास सरलं की. एकावन्नावं चालू हाय."

"संभा तुज्यापरीस थोरला ना?"

"धा म्हयन्यांनी."

"म्हंजी एकावन्न सरलं त्येला." तिनं ते पुन्हा एकदा, हळू, स्वतःशीच म्हटलं. "एकावन्न सरलं." मग ती जरा वेळ दारातून बाहेर बघत राहिली. अंगणात शेजाऱ्यांनी वाळत घातलेल्या शेंगा होत्या, त्यांवर कोंबड्या येत होत्या, पण तिनं त्यांना हाकललं नाही. वळून म्हणाली, "ऊठ. हातपाय धू आन् पाटावर बस. ताट निवतंय."

बिरूनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तो पाय धुऊन आला, पाटावर बसायला लागला, तर गुडघा वाकेना. एक पाय लांब करून कसाबसा टेकला आणि ओशाळला. पंचवीसेक वर्षं त्या पाटावर चटकन मांडी घालणारी पोरं बसली होती.

"गुडगं गेलं व्हय रं?"

"बर्फातली नोकरी, आई. आमच्यातल्या समद्यांचंच गेलंय."

"व्हय. त्येचंबी गेलं असतं." तिनं दुसरा पाट आणून त्यावर ठेवला. "ह्येच्यावर बस. उंच हुईल."

मी ताट बदलून ताजं वाढलं. आई पुढ्यात बसली, पण आग्रह करायला नाही. ती विचारत होती. चश्मा कवा लागला? दात समदे हायत का? पेन्शनीत आल्यावर घरी बसून करमलं का? पोरीच्या लग्नात काय केलं? बिरू एकेका घासाला उत्तर देत होता. आटपाडीकडं पाणी आल्यापासून डाळिंबाची बाग कशी धरलीय, पोरगा बापाचं ऐकत नाही, बायको बागेवरून भांडते. प्रत्येक उत्तराला आई मान डोलवायची आणि पुढचं विचारायची. ती बिरूचीच चौकशी करत होती, पण ऐकत होती ते दोघांचं. मला ते समजलं तेव्हा मी खिरीचं पातेलं आणायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले आणि रडून घेतलं. माझ्या भावाला चष्मा लागला होता, सून आली नव्हती अजून, पोरगा ऐकत नव्हता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो मला बांधावरून उठलेला दिसला.

खीर घेऊन बाहेर आले तर बिरूनं वाटीवर हात ठेवलेला.

"नको अक्का. साखर हाय मला. चार वर्सं झाली."

मला वाटलं आता आई हिरमुसणार. पाहुण्यानं खीर नाकारली म्हणजे फार मोठी गोष्ट. पण आई हसली. पार डोळ्यांच्या कडांपर्यंत हसली.

"मग त्येलाबी झालीच असती. ह्येंची लय वाईट हुती साखर, बापाच्यानं चुकलंच नसतं त्येला. आन् ह्यो तर चोरून खाणारा!" मग वाटी स्वतः हातात घेतली, चमच्याच्या टोकावर येईल एवढीच खीर त्याच्या पानात घातली, आणि दटावून म्हणाली, "येवढीच खायची. गोळी घेटली का सकाळी?"

"घेटली, आई."

"बघ हं. खोटं बोलायचं न्हाई."

बिरूनं ती खीर बोटानं चाटून खाल्ली. त्याचे डोळे भरले होते, ते त्यानं लपवले नाहीत. पंक्तीत माझं कामच उरलं नव्हतं. मी दाराला टेकून दोघांकडं बघत राहिले. पुढच्या वर्षी म्हाळ घालायचा की नाही हे विचारायची गरज नव्हती.

चारच्या सुमाराला ढग चढायला लागले तशी बिरूची निघायची गडबड सुरू झाली. विट्यावरून जायचं, लांबचा रस्ता. त्यानं अंगणातली मोटारसायकल झाडाखालून काढली, हेल्मेट हातात घेतलं आणि पाया पडायला वाकला. आईनं वड्यांचा पुडा त्याच्या पिशवीत घातला. मग दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला, त्याच्या पिकल्या कानशिलांवरून बोटं फिरवली, आपल्या डोक्याशी नेऊन ती कडाकडा मोडली. गाडीकडं बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"येवढ्या लांब फटफटीवर येत जाऊ नगंस आता," ती म्हणाली. "पुढच्या साली यष्टीनं ये. वय झालं तुजं."